सर मेले आहेत

१

डॉ. पद्मनाभ हुकेरीकर शनिवारी दुपारी तळमजल्यावर आपल्या टेबलाशी मरून पडलेले सापडले, आणि सोमवार उजाडेपर्यंत ते कसे मेले हे सगळ्या प्रयोगशाळेला पाठही झालं होतं.

"निष्काळजीपणा," प्रकल्पप्रमुख जयसिंगराव घाटगे म्हणाले. "जिवंत डिटोनेटरचा फ्यूज टेबलावर उघडून बसले. वाईट झालं, अक्का. पण एवढ्या अनुभवी माणसानं असं करावं?"

प्रमोदिनी होसकोटेनं वही उघडली. ती रसायन विभागाची प्रमुख आणि सुरक्षा समितीची निमंत्रक होती. अपघाताचा अहवाल तिनंच द्यायचा होता. तिच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या बंगळुरातल्या चिकपेठेत गेल्या होत्या, म्हणून पुण्याहून आलेले अधिकारीसुद्धा तिला अक्काच म्हणत.

येलहंका रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेत तोफगोळ्यांचे फ्यूज तयार होत. फ्यूज गोळ्याच्या टोकाला बसतो आणि गोळा कधी फुटायचा ते ठरवतो. त्याच्या आत एक कुलूप असतं. गोळा गरगर फिरत तोफेच्या नळीबाहेर पडला की मगच ते सुटायला हवं. त्याआधी सुटलं तर गोळा तोफेतच फुटतो, आणि भोवती उभे असलेले आपले जवान जागच्या जागी संपतात.

ओल शिरली की हे कुलूप आपोआप सुटतं, असं पद्मनाभ गेले कित्येक आठवडे सांगत होता. कोणी ऐकत नव्हतं.

प्रमोदिनीनं टेबल पाहिलं. फ्यूजचे धातूचे तुकडे तिथे विखुरले होते. पाण्याचा तांब्या आडवा पडला होता. टेबलावरची काच मात्र शाबूत होती. मागच्या भिंतीवरच्या रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

"काचेला काही झालं नाही," ती म्हणाली.

"सगळे तुकडे त्यांच्याच मानेत गेले, बिचाऱ्याच्या. शर्ट भिजला तो त्या तांब्यातल्या पाण्यानं."

दाराशी सब-इन्स्पेक्टर प्रदीपकुमार उभे होते. पद्मनाभचे कपडे आणि खिशातल्या वस्तू त्यांनी बांधून ठेवल्या होत्या. रुमाल, पेन, खिशात सापडलेलं मनगटी घड्याळ.

"खिशात?" प्रमोदिनीनं विचारलं. "हातात नव्हतं?"

"नाही मॅडम, शर्टाच्या खिशात. आणि डॉक्टर म्हणतात, लगेच गेले नाहीत ते. काही वेळ जीव होता." प्रदीपकुमारांनी आवाज खाली आणला. "पण हा अपघात आहे असं मला वाटत नाही. तुमच्या गेटवरच्या गुंडूरावांना मी ठाण्यात नेऊन बसवलंय."

"गुंडूरावांना? का?"

"धडाका झाला दुपारच्या भोंग्यानंतर. आणि भोंग्याच्या आधीच त्यांनी फोनवर एकाला सांगितलं होतं, की सर मेले."

२

जयसिंगरावांनी तिला चहाला बोलावलं ते पाहुण्यांच्या दालनात. तिथे भिंतभर एक रंगीत तक्ता होता. 'आधुनिक लष्कराची सर्वांत परिणामकारक शस्त्रं' असं त्याच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, आणि खाली रणगाडा, क्षेपणास्त्र, रात्री पाहणाऱ्या दुर्बिणी अशी चित्रं होती. सगळ्यात वर तोफगोळा. तो जयसिंगरावांनी मुद्दाम वर काढवून घेतला होता.

या तक्त्यापुढे पद्मनाभ एकदा थांबला होता ते तिला आठवलं. "खरंय हो," तो म्हणाला होता, "सगळ्यात जास्त माणसं तोफगोळाच मारतो. कोणाची, एवढंच इथे लिहायचं राहिलंय."

"गुरुवारी कर्नल शरच्चंद्र येताहेत," जयसिंगराव सांगत होते. "त्यांची सही झाली की आपला फ्यूज सीमेवर जाणार. तोपर्यंत तुमचा अहवाल हवा. निष्काळजीपणा म्हणा, नाहीतर त्या गुंडूरावनं काही घातपात केला म्हणा. पोलीस ठरवतील ते. फ्यूजचा दोष नाही, एवढं मात्र स्वच्छ लिहा."

"पद्मनाभ पावसाच्या खोलीत चाचणी घेत होता, असं ऐकलं होतं मी."

पावसाची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. छताला फवारे, मधोमध फ्यूजला गोळ्यासारखं गरगर फिरवणारी फिरकी. ओलीतली चाचणी तिथे होई.

"छे. पंप शुक्रवारीच बिघडला. किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी वर कोणी गेलंच नाही. मी मधल्या मजल्यावर माझ्या खोलीत होतो. धडाका ऐकला आणि खाली धावलो. पाहतो तर संपलेले." त्यांनी कप खाली ठेवला. "अक्का, हा फ्यूज नापास झाला की परदेशी माल आलाच म्हणून समजा. इतक्या वर्षांचं काम आहे देशाचं. हुकेरीकरांना ते कधी कळलं नाही."

प्रमोदिनीच्या कपातला चहा तसाच राहिला. दोन दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाला काय कळत नव्हतं, ते हा माणूस बिस्कीट बुडवता बुडवता सांगत होता.

ती आपल्या विभागात परतली. कपाटात फ्लुरोसीनची बाटली अर्धी झालेली दिसली आणि तिनं ती हातात घेतली. पद्मनाभ तिच्याकडे शेवटचा आला होता तो हीच पूड मागायला.

"पाण्यात चिमूटभर टाकतो," तो म्हणाला होता. "पाणी फ्यूजच्या आत कुठून शिरतं ते दिसेल तरी. डोळ्याला कळणार नाही, तुझ्या त्या जांभळ्या दिव्याखालीच उजळेल. आणि हे कोणाला सांगू नकोस हं. जयसिंगराव म्हणतील, हुकेरीकर आता रंगपंचमी खेळायला लागला."

बाटली तिनं परत जागेवर ठेवली. दार वाजलं. श्वेता उभी होती. कुलपाचं सर्किट जिनं बनवलं ती नागपूरची मुलगी. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "सरांना मीच मारलं."

३

प्रमोदिनीनं तिला बसवलं आणि पाणी दिलं.

"नीट सांग."

"माझं सर्किट ओलीत फसतं, मॅडम. मला माहीत होतं. जयसिंगराव सरांना मी सांगितलं, तर ते म्हणाले, कोरड्यात पास आहे ना, मग तोंड बंद ठेव. मी ठेवलं. पद्मनाभ सरांनी ठेवलं नाही." तिनं नाक पुसलं. "पण मॅडम, एक समजत नाही. टेबलावर तो फ्यूज फुटेलच कसा? कुलूप सुटायला आधी तो फिरायला पाहिजे. ओल शिरली असली तरी थोडा तरी फिरायला पाहिजेच. टेबलावर कोण फिरवणार त्याला?"

"फिरकी फक्त वर आहे?"

"फक्त वर. आणि वर तर पंप बिघडल्याची पाटी लावलीय."

"पाटी कधी पाहिलीस?"

"आज सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी मी वर होते, तेव्हा नव्हती. पंपही चालू होता."

प्रमोदिनी उठली. आता तिला ते स्वच्छ दिसत होतं, आणि राग यायला तेवढं पुरेसं होतं. पद्मनाभ तळमजल्यावर मेला असेल तर चूक पद्मनाभची. वर मेला असेल तर चूक फ्यूजची. फरक दोन मजल्यांचा होता. पण त्या दोन मजल्यांवर गुरुवारची सही टांगलेली होती, आणि त्या सहीवर कुठल्यातरी डोंगरात भिजत तोफ भरणारी माणसं.

तरी गुंडूराव राहिलेच. धडाक्याआधी मरणाची बातमी देणारा माणूस या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

ठाण्यातल्या बाकावर गुंडूराव पागोट्याशिवाय बसले होते. तिनं त्यांना उघड्या डोक्यानं कधी पाहिलंच नव्हतं. शनिवारी ऑपरेटर बाईंना सुटी, म्हणून गेटबरोबर फोनही त्यांच्याच गळ्यात पडे.

"अक्का, तुम्ही तरी सांगा या लोकांना," ते म्हणाले. "त्या पुण्याच्या पोराचा फोन आला. सर आहेत का म्हणाला. आहेत, स्वल्प थांबा, म्हणालो मी. बोलवायला निघालो, तोवर त्यानं फोनच ठेवला. जित्या माणसाला मेला कशाला म्हणू मी? माझ्या तोंडात किडे पडतील."

"अगदी हेच शब्द होते?"

"आता शब्द कोण ध्यानात ठेवतो, अक्का. मतलब हाच."

"जबाबात तर स्वच्छ लिहिलंय," प्रदीपकुमार मागून कन्नडमधून म्हणाले. "सर वारले आहेत, असं यांनी सांगितलं. शुभंकरनं इंग्रजीत जबाब दिला, मी इंग्रजीत उतरवून घेतला. तो मुलगा खोटं बोलत नाहीये मॅडम. घरची ट्रेन सोडून परत आला तो."

"हे बोलणं झालं कुठल्या भाषेत?"

"काय?"

"फोनवर. ते दोघं कुठल्या भाषेत बोलले?"

प्रदीपकुमारांनी खांदे उडवले. "तुमच्याच असेल."

४

शुभंकर वसतिगृहाच्या पायरीवर बसला होता. पुण्याहून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. पद्मनाभच्या हाताखाली तो काम करी. कामात इंग्रजी, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि कन्नडमध्ये 'गोत्तिल्ला', म्हणजे 'माहीत नाही', एवढा एकच शब्द, तोही चुकीच्या जागी.

"मॅडम, मी घरी निघालो होतो. के. आर. पुरमहून ट्रेन होती. सरांना म्हटलं बाय करावं, कारण त्या टेस्टचं मला जरा टेन्शन होतं. स्टेशनबाहेरच्या बूथवरून फोन केला. आणि त्या माणसानं इतकं कॅज्युअली सांगितलं ना, की मी फोनच ठेवला. ट्रेन सोडून रिक्षानं परत आलो. आणि खरंच..."

"सरांना टेस्ट घ्यायची होती, हे पोलिसांना सांगितलंस?"

"जयसिंगराव सर म्हणाले, कॅन्सल झाली ती. पंप बंद होता ना."

"बरं. आता एक कर. गुंडूराव जे बोलले ते इंग्रजीत सांगू नकोस, तुझ्या मराठीतही नको. त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे म्हण. हेल काढून."

शुभंकरनं डोळे मिटले. "मी विचारलं, पद्मनाभ सर आहेत का? तर म्हणाले, 'कोण? पुण्याचे का? सर मेले आहेत. स्वल्प थांबा.'" त्याच्या आवाजात आता चीड आली. "सांगा ना मॅडम, अशी बातमी देऊन वर थांबा कोण म्हणतं?"

प्रमोदिनीला एकदम आईची हाक आठवली. लहानपणी चिकपेठेतल्या घरात आई खालून हाक मारी आणि धाकटा भाऊ उत्तर देई, त्या उत्तरावर सोलापूरहून आलेली मावशी एकदा किंचाळून उठली होती. नंतर कित्येक वर्षं घरात त्यावर हसणं चाले.

तिनं मान उचलली आणि समोरच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्याकडे पाहिलं.

"तू खोटं ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "आणि ते खोटं बोलले नाहीत."

५

गुरुवारी पाहुण्यांच्या दालनात तक्त्याखाली सगळे जमले. कर्नल शरच्चंद्र, संचालक, जयसिंगराव, श्वेता, शुभंकर. प्रदीपकुमारांना प्रमोदिनीनं कपड्यांचं गाठोडं घेऊन मुद्दाम बोलावलं होतं. कर्नलांच्या पुढ्यात उघडं पेन ठेवलेलं होतं.

"अहवाल आणलात ना, अक्का?" जयसिंगरावांनी विचारलं.

"आणलाय. त्याआधी तुम्हाला एकदा विचारते, सगळ्यांसमोर. शनिवारी पद्मनाभ वर गेला होता?"

"किती वेळा सांगू? पंप बंद. वर कोणीही गेलं नाही."

"ठीक. शुभंकर, गुंडूराव काय म्हणाले ते प्रदीपकुमारांना सांग. त्यांच्याच शब्दांत."

शुभंकर उठला. "सर मेले आहेत. स्वल्प थांबा."

प्रदीपकुमारांनी आधी ऐकलं, मग त्यांची मान हळूहळू वळली. "पुन्हा म्हणा."

"सर मेले आहेत."

"मेले?" ते खुर्चीतून अर्धवट उठले. "मॅडम, मेले म्हणजे तर..."

"म्हणजे काय ते कर्नलसाहेबांना सांगा."

"मेले म्हणजे वर, सर. कन्नडमध्ये. सार मेले इद्दारे. साहेब वरती आहेत, स्वल्प थांबा, बोलावतो."

शुभंकरनं ते वाक्य पुन्हा पुटपुटून पाहिलं.

"गुंडूरावांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं," प्रमोदिनी म्हणाली. "त्यांच्या मराठीत 'वर'ला मेले म्हणतात, 'थोडं'ला स्वल्प. आमच्याही घरात म्हणायचे. शुभंकरनं त्याचं इंग्रजी केलं, आणि ते वाक्य ऐकायला कन्नड कान उरलाच नाही. गुंडूराव मरणाची बातमी देत नव्हते, पत्ता देत होते."

"एका गेटवाल्याच्या शब्दावर?" जयसिंगराव हसले. "अक्का, तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

"म्हणून शर्ट मागवलाय. पडदे ओढ, श्वेता."

अंधार झाला. प्रमोदिनीनं जांभळा दिवा लावून शर्टावर धरला. शर्टाचं कापड फिकट निळसर चमकलं, साबणानं धुतलेलं पांढरं कापड चमकतं तसं. आणि त्या निळ्यावर, खांद्यापासून कमरेपर्यंत, हिरवेगार ओघळ उजळले.

"तांब्यातलं पाणी असं उजळत नाही," ती म्हणाली. "पावसाच्या खोलीतल्या पाण्यात पद्मनाभनं फ्लुरोसीन घातलं होतं. माझ्याकडून नेलेलं. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून पुसणाऱ्यालाही ते दिसलं नाही. घड्याळ खिशात होतं, कारण फवाऱ्याखाली जाताना माणूस घड्याळ काढतो. टेबलाशी बसताना कोणी काढत नाही."

कर्नलांनी पेनाला टोपण लावलं. "पुढे?"

"पुढचं चालत जाऊन पाहू."

सामानाची लिफ्ट मागच्या बाजूला होती. प्रमोदिनीनं दार लोटलं, आतला दिवा बंद केला आणि जांभळा दिवा खाली धरला. लोखंडी जमिनीवर हिरवे थेंब होते, आणि त्यांच्यावरून गेलेल्या ढकलगाडीच्या चाकांच्या दोन सरळ रेघा. सगळे आत शिरले आणि लिफ्ट वर निघाली. जयसिंगरावांच्या चकचकीत बुटांच्या शिवणीतही तो हिरवा रंग होता. तो सगळ्यांना दिसला, त्यांनाही दिसला.

संचालकांनी हात पुढे केला, आणि जयसिंगरावांनी किल्ली दिली.

पावसाची खोली स्वच्छ पुसलेली होती. फिरकीभोवतीच्या भिंतीला मात्र ताजे टोचे पडले होते, माणसाच्या मानेच्या उंचीला.

"खाली तुकडे होते, ओरखडे नव्हते," प्रमोदिनी म्हणाली. "इथे ओरखडे आहेत, तुकडे नाहीत. फिरकी नुकती सुरू झाली होती. कुलूप सुटायला अजून अवकाश होता, म्हणून तो जवळ उभा राहून पाणी कुठून शिरतं ते पाहत होता. ओलीत ते आधीच सुटलं. तो जे सांगत होता तेच झालं."

"मी त्यांना मारलं नाही," जयसिंगराव म्हणाले. आवाज अजून रुबाबदार होता. "फ्यूज फुटला तेव्हा मी माझ्या खोलीतच होतो."

"आणि खाली नाही, वर धावलात."

"धावलो. पाहिलं. ते गेलेलेच होते. मग मी प्रकल्पाचा विचार केला. एका माणसापायी सगळं बुडवायचं? कर्नलसाहेब, कोरड्या चाचण्या पाहा, शंभर टक्के..."

"तो गेला नव्हता," प्रमोदिनी म्हणाली.

जयसिंगराव तिच्याकडे वळले.

"डॉक्टरांनी सांगितलंय. काही वेळ जीव होता. तुम्ही गाडी आणलीत, त्याला लिफ्टमधून खाली नेलंत, खुर्चीत बसवलंत, तुकडे मांडलेत, तांब्या आडवा केलात, परत वर येऊन फरशी पुसलीत, पाटी लावलीत. त्या सगळ्या वेळात डॉक्टरला फोन करायला तुमच्याजवळ हात नव्हता. आणि फोनशी बसलेल्या माणसाला तुम्ही खुशाल तुरुंगात जाऊ देत होतात." तिचा आवाज चढला नव्हता, पण श्वेता दोन पावलं मागे सरकली. "ओल्या नळीत गोळा भरणारा मुलगा कोणाचा आहे, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणूनच तुम्हाला ती सही इतक्या सहज मागता आली. माहीत असता तरी तुम्ही थांबला असतात का, हे मला सांगता येत नाही."

कर्नल शरच्चंद्र भिंतीवरच्या टोच्यांवरून बोट फिरवत होते. "माझ्याकडे अशी मुलं आहेत," ते एवढंच म्हणाले, आणि सही न करता गाडीकडे गेले.

प्रदीपकुमारांनी जयसिंगरावांच्या दंडाला हात घातला तो हलकेच, पण सोडला नाही.

६

फ्यूज नापास झाला. कुलूप नव्यानं करायचं ठरलं, आणि ते श्वेतानंच करायचं, असं प्रमोदिनीनं अडून बसून मंजूर करून घेतलं. पाहुण्यांच्या दालनातला तक्ता तिनं स्वतः उतरवला. कोणी हरकत घेतली नाही.

गुंडूराव परत गेटवर आले. पागोटं नवं होतं. शुभंकर पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, खाली मान घालून.

"काय लेका," गुंडूराव म्हणाले, "तुझ्या एका फोननं माझं घरदार बुडवलं होतंस की. आता रोज माझ्याकडनं पाच शब्द शीक. फी नाही. कॉफी तेवढी पाज."

"सरी," शुभंकर कन्नडमध्येच 'बरं' म्हणाला.

पुढच्या शनिवारी फोन वाजला. कर्नलांच्या कचेरीतून कोणी मराठी बोलणारा अधिकारी होता. होसकोटे मॅडम आहेत का, असं विचारत होता.

त्या वेळी प्रमोदिनी पावसाच्या खोलीत होती. जाड काचेमागे उभी राहून, फवारे सोडून, पद्मनाभची राहिलेली चाचणी ती घेत होती. घड्याळ खिशात होतं.

गुंडूरावांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. घसा खाकरला.

"अक्का वर आहेत," ते एकेक अक्षर जोखून म्हणाले. "वर. स्वल्प थांबा, साहेब. जित्या आहेत, बोलावतो."